कार्व्हिंग जमत नाही? आधी बाहेरच्या स्कीवर नीट उभं राहायला शिका

सकाळी लिफ्ट सुरू झाल्या झाल्या वर जा, रात्री मशीन फिरवून सपाट केलेला उतार तेव्हा अजून कोरा असतो. त्यातला सोपा तुकडा निवडा, चार-पाच वळणं घ्या, कडेला थांबा आणि वर वळून स्वतःचा ट्रॅक बघा. बर्फावर दोन बारीक, स्वच्छ, बाजूबाजूने जाणाऱ्या रेघा दिसल्या तर तुम्ही कार्व्ह केलंय. केरसुणीने बर्फ लोटल्यासारखे रुंद पट्टे दिसले तर स्की घसरलीय. बहुतेकांचा ट्रॅक मिश्र असतो, वळणाच्या सुरुवातीला रुंद पट्टा, शेवटी शेवटी कुठे एक रेघ. माझाही कितीतरी वर्षं असाच होता आणि मी समजत होतो की वेग कमी पडतोय म्हणून असं होतंय. तसं नव्हतं. मी चुकीच्या पायावर आणि चुकीच्या जागी उभा होतो, एवढंच होतं, आणि ते कळल्यावर जे जे बदललं ते इथे सविस्तर लिहितोय. हे ज्यांना समांतर स्की ठेवून निळ्या-लाल (म्हणजे सोप्या आणि मध्यम) उतारावरून खाली येता येतं पण पुढे गाडी अडलीय त्यांच्यासाठी आहे, अगदी पहिल्या दिवसवाल्यांसाठी नाही.

आधी स्की स्वतः काय करते ते बघू, कारण हे कळलं नाही तर सगळ्या सूचना पाठ केल्यासारख्या वाटतात. स्की जमिनीवर ठेवून वरून बघा, टोकाला आणि शेपटीला रुंद, मधे कमरेला अरुंद. कार्व्हिंग स्कीवर १२०-७०-१०५ अशासारखे आकडे छापलेले असतात, ते मिलिमीटरमधे टोक-कंबर-शेपटी यांची रुंदी. या बाजूच्या वक्राला साइडकट म्हणतात आणि तो ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्या वर्तुळाची त्रिज्या पण स्कीवर मीटरमधे लिहिलेली असते, साधारण १२ ते १७ च्या आसपास. आता स्की एका धारेवर कलंडवली की टोक आणि शेपटी बर्फाला टेकतात पण कंबर अधांतरी राहते, वरून तुमचं वजन आलं की कंबर खाली दबते, स्की धनुष्यासारखी वाकते आणि तिची धार बर्फात एक कमान कोरत जाते. शेपटी बरोबर त्याच खाचेतून जाते जी टोकाने पाडली. हेच कार्व्हिंग. म्हणजे वळवायचं काम स्कीचं आहे, तुमचं काम दोनच, तिला कलंडवणं आणि तिच्यावर नीट उभं राहणं.

जुन्या स्की जवळजवळ सरळ आणि लांबलचक असायच्या, त्यांना असं वाकवायला शर्यतीतला वेग आणि ताकद लागायची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची खोल साइडकटवाली स्की आणली आणि काही वर्षांतच सगळ्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. त्यामुळे आज भाड्याने मिळणारी साधी स्की पण कार्व्ह करू शकते. म्हणून टाच झटकून शेपटी बाहेर फेकायची जी जुनी सवय आहे तिची आता या उतारांवर गरज नाही, उलट तीच आड येते.

एक हिशोब मला फार उपयोगी पडला. कडक बर्फावर स्की किती लहान वळण घेईल ते ढोबळमानाने साइडकटची त्रिज्या गुणिले कलण्याच्या कोनाचा कोसाइन. १४ मीटरची स्की १० अंश कलंडवली तर वळण जवळपास १४ मीटरचंच, ४५ अंश कलंडवली तर साधारण १० मीटर आणि ६० अंशाला निम्मं, म्हणजे ७ मीटर. पण तेवढं कलून न पडता राहायला वेग पण लागतो. ताशी १८ किलोमीटरला १४ मीटरच्या वळणात शरीराला तोल सांभाळायला जेमतेम १० अंश कलता येतं, ताशी ३६ ला १० मीटरच्या वळणात मात्र ४५ अंश कलावं लागतं. वेग फक्त दुप्पट झाला आणि कोन कुठल्या कुठे गेला. म्हणून हळू वेगात फोटोतल्यासारखं आडवं व्हायला जाऊ नका, होतच नाही ते, पडायला होतं. कोन हा वेगाबरोबर येतो. आणि ४५ अंशाच्या त्या वळणात ७० किलोच्या माणसाच्या पायावर सुमारे १०० किलोचा भार असतो, हे पण लक्षात ठेवा, पुढे पाय सरळ ठेवण्याबद्दल बोलताना लागेल.

आधी पुढे-मागे: घोटा, नडगी, चवडा

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. उतार दिसला की शरीर आपोआप मागे जातं, खुर्चीत बसल्यासारखं होतं, मांड्या पेटतात आणि स्कीच्या टोकावर वजनच उरत नाही. टोकावर वजन नाही म्हणजे टोक बर्फात शिरत नाही, आणि टोक शिरलं नाही तर वळण सुरूच होत नाही, मग नाईलाजाने शेपटी झटकावी लागते. तुमच्या ट्रॅकमधला तो सुरुवातीचा रुंद पट्टा बहुतेक वेळा इथून आलेला असतो.

यावर "पुढे झुका" असं सगळे सांगतात आणि ऐकणारा कमरेत वाकतो. कमरेत वाकलं की छाती पुढे जाते पण बूड अजूनच मागे जातं, एकूण फायदा शून्य. पुढे यायचं ते घोट्यातून. बूट घालून सपाट जागी उभे रहा, पायाची बोटं बुटाच्या आत वर उचला, म्हणजे पायाचा वरचा भाग नडगीकडे ओढा. लगेच जाणवेल की नडगी बुटाच्या जिभेला टेकली. ती टेकलेलीच राहायला हवी, वळणभर, प्रत्येक वळणात. जोराने रेटायची नाही, मधे सापडलेला हात सुटणार नाही इतपतच. वजन तळपायाच्या मध्यापासून चवड्यापर्यंत, टाच उचलली जाता कामा नये. गुडघे थोडे वाकलेले, खुबे पायांच्या वर, पाठ किंचित गोल आणि हात पुढे, कोपरं बरगड्यांपासून सुटी, नजर खाली वळणाच्या पुढच्या टप्प्यावर. दोन्ही पायांत खुब्याएवढं अंतर. अगदी चिकटवून उभं राहायची पद्धत जुन्या स्कीची होती, आता तसं उभं राहिलात तर कलंडायला जागाच उरत नाही.

आपण बरोबर उभे आहोत का हे कळायला एक सोपा उपाय, सौम्य उतारावर आडवे जाताना छोट्या छोट्या उड्या मारा, स्की जेमतेम बर्फ सोडेल एवढ्याच. टोक आणि शेपटी एकदम उचलली गेली आणि एकदम टेकली तर तुम्ही मधे आहात. टोकं आधी वर येत असतील तर मागे बसलाय. दुसरा उपाय म्हणजे वळण घेता घेता स्की पुढे-मागे सरकवत राहायचं, चालल्यासारखं, अखंड. मागे बसलेल्या माणसाला हे करताच येत नाही, त्यामुळे शरीर आपोआप मधे येतं आणि कुणाला काही समजावून सांगावं पण लागत नाही. तिसरा थोडा धाडसी आहे, बुटाची वरची बकलं पूर्ण सैल करून अगदी सपाट उतारावर दोन फेऱ्या मारा. बुटाचा आधार गेला की मागे टेकायला काहीच राहत नाही, घोटे कामाला लागतात. हे फक्त सोप्या उतारावर आणि हळू करायचं, घाई करायची नाही.

आणि बूट मोठा असेल तर वरचं सगळं वाया जातं, हे मी फार मनापासून सांगतोय कारण मी स्वतः दोन सीझन एक साईज मोठे बूट घालून घालवलेत आणि दोष पायांना देत बसलो. बुटाचा आतला मऊ लायनर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते बघा. १ ते २ सेंटिमीटर ठीक, त्याहून जास्त म्हणजे बूट मोठा. मोजा एकच, पातळ, बुटात दुसरं काही कोंबायचं नाही. खालची बकलं हलकी, घोट्याच्या वरची आणि सगळ्यात वरचा पट्टा घट्ट. फ्लेक्सचा, म्हणजे बूट किती ताठ आहे त्याचा, आकडा बघून बूट घेऊ नका, एका कंपनीचा १०० आणि दुसरीचा १०० सारखा नसतो. थंडीत प्लास्टिक अजून ताठ होतं, त्यामुळे दुकानात घोटा वाकतोय न वाकतोय असा बूट डोंगरावर अजिबात वाकणार नाही.

आता खरी गोष्ट: बाहेरची स्की

डावीकडे वळताना उजवी स्की बाहेरची, उजवीकडे वळताना डावी. कडक, दाबलेल्या उतारावर वळणाचा बहुतेक सगळा भार बाहेरच्या स्कीवर असायला हवा. आतली स्की सोबत असते, कलंडलेली असते, पण हलकी असते. वाचायला सोपं आहे, पण मनाला पटत नाही, कारण वळणाच्या आत कलायचं म्हटलं की मन म्हणतं आतल्या बाजूला टेका. सायकलवर आपण अख्खे आत झुकतो ना, तसंच इथे करायला जातो, डोकं आणि खांदे वळणाच्या आत टाकतो, वजन आतल्या पायावर येतं, बाहेरची स्की हलकी होऊन सुटते आणि थोडा कडक बर्फ लागला की आपण आतल्या खुब्यावर आपटतो.

त्यासाठी शरीर मधून मोडावं लागतं. खालचा भाग, म्हणजे घोटे, गुडघे, खुबे, वळणाच्या आत जातात. वरचा भाग, म्हणजे छाती आणि खांदे, थोडे बाहेर, म्हणजे बाहेरच्या स्कीकडे, राहतात. कमरेच्या बाहेरच्या बाजूला चिमटा बसल्यासारखी घडी जाणवली पाहिजे. मला सगळ्यात लवकर समजलेली कल्पना म्हणजे बाहेरच्या हाताने बाहेरच्या बुटाशेजारी ठेवलेली बादली उचलायला जाताय असं समजा. खांदा खाली बाहेर जातो, खुबा आपोआप आत जातो, आणि वजन धारेवर बरोबर बसतं. खांद्यांची रेघ उताराच्या रेघेशी जवळपास समांतर, आतला खांदा आणि आतला हात कधीही मागे किंवा खाली पडू द्यायचा नाही. आतला हात मागे पडला की अख्खं धड वळणाच्या दिशेने फिरतं आणि बाहेरच्या स्कीची शेपटी सुटते. ही चूक एवढी सर्रास दिसते की लिफ्टमधे बसून खाली बघितलं तरी दर मिनिटाला एक सापडेल.

बाहेरचा पाय लांब, आतला आखूड. बाहेरचा जवळजवळ सरळ पण कुलूप न लावलेला, कारण मघाशी सांगितलेला तो १०० किलोचा भार हाडांवर पेलता येतो, अर्ध्या वाकलेल्या मांडीवर नाही पेलता येत. वळणामागून वळण मांड्या भरून येत असतील तर व्यायाम कमी पडतोय असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा बाहेरचा पाय गरजेपेक्षा वाकलेला असतो. आतला पाय मात्र भरपूर वाकवायचा, गुडघा छातीकडे आणि वळणाच्या आत. लोक बाहेरचा गुडघा आत ढकलतात आणि आतला गुडघा तिथेच उभा ठेवतात, मग दोन पायांचा इंग्रजी ए सारखा आकार होतो आणि सगळा ताण बाहेरच्या गुडघ्यावर येतो. आतल्या गुडघ्याने आधी जागा करून द्यायची, बाहेरचा मागोमाग येतो. दोन्ही नडग्या एकमेकींना समांतर.

आता हे उतारावर कसं आणायचं. पहिला सराव रेल्वेच्या रुळांचा. एकदम सपाटसर, रुंद, मोकळा उतार घ्या, जिथे सरळ सुटलं तरी भीती वाटत नाही असा. सरळ खाली निघा, पाय खुब्याएवढे लांब, आणि फक्त दोन्ही घोटे एका बाजूला कलंडवा. पाय फिरवायचे नाहीत, खांदे फिरवायचे नाहीत, काहीच करायचं नाही, थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड आहे. दीड-दोन सेकंद वाटतं की स्की काही करणारच नाही आणि हात शिवशिवतात, पण थांबलात तर स्की स्वतः वळायला लागते आणि ती पहिली वेळ विसरता येत नाही, पायाखालून कुणीतरी ओढून नेल्यासारखं वाटतं. मग दुसऱ्या बाजूला. मागे दोन रेघा सुट्या दिसतात की नाही बघा. एक रेघ स्वच्छ आणि एक पुसट असेल तर कुठला घोटा आळस करतोय ते कळतं, बहुतेक आतला असतो.

दुसरा सराव आतली स्की उचलण्याचा. वळण सुरू झालं की आतल्या स्कीची शेपटी दोन-तीन सेंटिमीटर उचला, टोक बर्फाला टेकलेलं राहू द्या, आणि वळण संपेपर्यंत तशीच ठेवा. उचलता येत नसेल किंवा उचलल्या उचलल्या आत पडत असाल तर तुम्ही आतल्या पायावर उभे होतात, याहून स्पष्ट पुरावा नाही. हे जमायला लागलं की उचललेल्या स्कीचं टोक बाहेरच्या स्कीच्या टोकावरून आडवं धरून वळण पूर्ण करा, त्याने खुबा बरोबर दिशेला वळलेला राहतो आणि धड वळणाबरोबर फिरत नाही. माझ्या मते एकच सराव करायला वेळ असेल तर हा करावा, बाकीचे नंतर.

काठ्या न टोचता दोन्ही काठ्यांची टोकं बर्फावर टेकवून ओढत नेणं हा पण चांगला सराव आहे. बाहेरच्या काठीचं टोक वळणभर बर्फावरून सुटलं नाही तर धड बाहेर आहे. सुटलं तर धडासकट आत कललात. किंवा काठ्या दोन्ही हातात आडव्या धरा, ताट धरल्यासारख्या, आणि ताट उताराशी समांतर राहतंय का बघत या.

वळणाची सुरुवात आणि दोन वळणांमधला तो क्षण

चांगला कार्व्ह करणारा आणि जेमतेम करणारा यांच्यात फरक पडतो तो वळणाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात. उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या वाटेने खाली धावेल ती फॉल लाईन. बहुतेक लोक फॉल लाईन ओलांडून झाल्यावर एकदम घाबरून धार लावतात, मग सगळा जोर शेवटी एकदम येतो, स्की थरथरते, घसरते. चांगला स्कीयर फॉल लाईनच्या आधीच धार बदलून मोकळा झालेला असतो आणि फॉल लाईनमधे पोचतो तेव्हा स्की पूर्ण वाकलेली असते, शेवटी तर तो उलट जोर सोडत असतो.

हे करायला जुनं वळण सोडता आलं पाहिजे. वळण संपत आलं की तुमचं शरीर डोंगराच्या बाजूला आणि स्की दरीच्या बाजूला असतात. जुन्या बाहेरच्या पायातला ताण सोडा, गुडघा मऊ करा, खाली बसायचं नाही, नुसता पाय सैल सोडायचा. स्की सपाट होतात आणि शरीराखालून निघून जातात, तुमचं धड स्कीच्या वरून दरीच्या बाजूला येतं. याच क्षणाला सगळे घाबरतात, कारण एक निमिष शरीर उताराकडे तोंड करून मोकळं पडल्यासारखं वाटतं. तिथे उठून उभं राहू नका आणि खांदे पण फेकू नका. जो पाय आता आतला होणार आहे त्याच्या करंगळीकडे तळपाय कलंडवा, बस. करंगळीपासून सुरुवात केली की दोन्ही स्की एकदम धार बदलतात. अंगठ्यापासून, म्हणजे बाहेरच्या पायापासून सुरुवात केली की ए आकार येतो आणि आतली स्की सपाट राहून अडकते. मग नवा बाहेरचा पाय हळूहळू लांब करत जा, एकदम धाडकन नाही, स्की दूर जातेय तेवढाच तिचा पाठलाग करायचा. धारेवर दाब भरत जायला वेळ लागतो, तो वेळ द्या.

या टप्प्यासाठी अर्धी वळणं करा. उताराला आडवे जाताना धार सोडायची, स्की खाली वळायला लागली की फॉल लाईनला पोचायच्या आत परत डोंगराकडे धार लावायची, पुन्हा सोडायची, पुन्हा लावायची, उतार संपेपर्यंत झालरीसारखं. मग दुसऱ्या बाजूने. भीती वाटत नाही कारण पूर्ण खाली तोंड होतच नाही, आणि सोडण्या-लावण्याचा सराव मात्र एका आडव्या फेरीत पाच-सहा वेळा होतो.

वेगाचं काय, हा प्रश्न येतोच. कार्व्ह करताना स्की घसरत नाही म्हणजे ब्रेक पण लागत नाही, खाली तोंड असेपर्यंत वेग वाढतच जातो. तो कमी होतो वळणाच्या आकाराने. वळण पूर्ण करा, विळ्याच्या पात्यासारखं गोल, स्की आडवी होईपर्यंत, वाटलं तर थोडी डोंगराकडे चढेपर्यंत. तिथे वेग उतरतो, मगच पुढचं वळण. अर्धवट सोडलेल्या वळणांचा नागमोडी ट्रॅक पडतो आणि चौथ्या-पाचव्या वळणाला वेग हाताबाहेर जातो, मग घाबरून मागे बसणं, मग शेपटी झटकणं, आणि परत पहिल्या पानावर. म्हणून उतार निवडताना तुम्हाला जो जमतो त्याच्या एक पायरी खालचा घ्या. लाल उतरता ना, मग कार्व्हिंग निळ्यावर शिका. यात कमीपणा काही नाही, जगज्जेते सुद्धा सीझनच्या सुरुवातीला सौम्य उतारावर हेच मूलभूत सराव घोळवत असतात.

जरा तीव्र किंवा बर्फाळ उतार आला की शंभर टक्के कार्व्हचा हट्ट सोडायचा. तिथे वळणाच्या वरच्या भागात थोडी स्की फिरवून, दिशा बदलून, मग धार लावायची, शर्यतीतले लोक पण गरज पडली की हे करतात. त्यासाठी बाजूने घसरणं पण यायला हवं, उताराला आडवं उभं राहून घोटे सपाट केले की घसरायचं, धार लावली की थांबायचं. धार सोडता येणाऱ्यालाच धार नीट लावता येते. बर्फाळ जागी अजून जास्त कलावंसं वाटतं, ते करू नका, बाहेरच्या स्कीवर शांत उभे रहा, धड अजून थोडं बाहेर, आणि हालचाल हळू. ताज्या खोल बर्फात मात्र गणित वेगळं, तिथे एकाच स्कीवर सगळं वजन टाकलं की ती बुडते, दोन्ही पाय जवळ आणि भार जवळजवळ सारखा.

धारा बोथट असतील तर कडक बर्फावर काहीही शिकता येणार नाही. अंगठ्याचं नख धारेवर आडवं, लांबीच्या दिशेने नाही, हलकेच ओढा, नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे. टोकापासून शेपटीपर्यंत चार ठिकाणी बघा, बुटाखालची धार सगळ्यात आधी जाते. साध्या वापराला बाजूचा कोन ८८ अंश आणि खालचा १ अंश पुष्कळ. दगडावरून गेलात तर धारेवर खडबडीत काटे येतात, ते बारीक दगडाने घासून काढा. बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीची, सेटिंग मात्र स्वतः फिरवू नका, ती वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता यावरून ठरते, स्की एकदा निघाली म्हणून स्क्रू आवळणं म्हणजे पुढच्या वेळी ती निघायला हवी तेव्हा न निघणं.

गुडघ्याबद्दल एक सांगायलाच हवं. तोल जाऊन मागे बसलात, बूड गुडघ्याच्या खाली गेलं, सगळं वजन खालच्या स्कीच्या शेपटीवर आतल्या धारेवर आलं, तर ती स्की आत वळते आणि गुडघ्यातला एसीएल लिगामेंट (गुडघ्याची हाडं धरून ठेवणारा आतला मुख्य बंध) फाटायची ही ठरलेली पद्धत आहे. अशा वेळी घसरता घसरता उठायची धडपड करू नका. हात पुढे, पाय एकत्र, पडून घ्या, थांबल्यावर उठा.

आणि कार्व्ह करताना तुम्ही उताराची रुंदी वापरता, वरून येणाऱ्याला कळत नाही तुम्ही आता कुठे वळणार. आंतरराष्ट्रीय स्की संघटना फिस हिच्या १० नियमांत पुढे असलेल्याचा हक्क पहिला आणि मागून येणाऱ्याने वाट निवडायची असं आहे, पण थांबून परत निघताना वर-खाली बघायची जबाबदारी तुमचीच. मोकळा उतार, सकाळची वेळ, मोठी वळणं घ्यायच्या आधी एकदा खांद्यावरून वर नजर, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सोबत कुणी असेल तर त्याला उताराच्या खाली कडेला उभं करून चार वळणांचा व्हिडिओ काढायला सांगा, समोरून. मनात जे वाटतं आणि प्रत्यक्षात जे होतं त्यात खूप अंतर असतं, मला वाटायचं मी भरपूर कोन करतोय आणि व्हिडिओत खांबासारखा उभा दिसायचो. बघताना सगळं एकदम बघू नका. पहिल्यांदा फक्त आतली स्की बघा, ती हलकी आहे का. दुसऱ्यांदा नडग्या समांतर आहेत का. तिसऱ्यांदा आतला हात दिसतोय का, की पाठीमागे गेलाय. जे सापडेल त्यातली एकच गोष्ट घेऊन वर जा, पुढच्या तीन फेऱ्या फक्त तेवढंच. पाय थकले, बर्फ दुपारचा मऊ होऊन ढेकळं झाली की सराव तिथेच थांबवून नुसतं मजेत उतरा, थकलेला पाय परत मागे बसायचीच सवय शिकवतो, आणि कोरा उतार उद्या सकाळी परत मिळणारच आहे.